म्यूझस्कोअरमध्ये सम, स्वर आणि शब्द जागेवर बसवताना

गेल्या गणपतीत क्लासच्या मुलांसाठी भीमपलास रागातली तीनतालाची एक गत (वाद्यावर वाजवायची रचना) मी म्यूझस्कोअर ४ या संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली. व्हायोलिनच्या ओळीवर समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची फुली, टाळीचे आकडे, नवव्या मात्रेवर ‘खाली’चं, म्हणजे बिनटाळीच्या जागेचं शून्य, सगळं मांडलं. प्रत्येकाचे पार्ट वेगळे छापले. तालमीला हार्मोनियमवाली मुलगी म्हणाली, "ताई, माझ्या कागदावर सम कुठाय?" तिच्या पानावर एकही खूण नव्हती.

मी खुणा स्टाफ टेक्स्ट म्हणून, म्हणजे कंट्रोल टी दाबून लिहिल्या होत्या. तो मजकूर त्या एका ओळीपुरताच राहतो. सगळ्यांच्या पार्टमध्ये हवा असेल तर सिस्टिम टेक्स्ट घ्यायचा, कंट्रोल शिफ्ट टी. म्हणून काही बिघडलं की आधी मजकुरावर क्लिक करा आणि खिडकीच्या तळाशी त्याचा प्रकार वाचा. टेक्स्ट स्टाइल बदलली तर फक्त रूप बदलतं, प्रकार तोच राहतो. मी सगळ्या खुणा पुसून नव्याने लिहिल्या.

गाण्याचे शब्द एकमेकांवर चढत असतील तर बहुतेक तेही स्टाफ टेक्स्टमध्येच लिहिलेले असतात. स्वर निवडून कंट्रोल एल दाबा. मग शब्दांना जागा द्यायला स्वर आपोआप सरकतात. शब्द संपला की स्पेस, एकाच शब्दातलं पुढचं अक्षर असेल तर हायफन, एकच अक्षर पुढच्या स्वरांवर लांबवायचं असेल तर अंडरस्कोर.

आता सगळ्यात नाजूक काम, कोमल स्वर. भीमपलासमध्ये ग आणि नी कोमल, आणि स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. ती वेगळी ओढून माउसने चिकटवू नका. पानाची मांडणी बदलली की ती स्वराला सोडून जाते. वेदपाठातली अनुदात्ताची खूण, म्हणजे अक्षराखालची आडवी रेघ, युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरसंचात) आहे, तीच वापरा: ग॒, नि॒. यमन रागातल्या तीव्र मध्यमाला वरची उभी रेघ: म॑. क्रम मात्र सांभाळा. आधी अक्षर, मग वेलांटी, शेवटी रेघ. रेघ वेलांटीच्या आधी पडली तर ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दिसतं. मी हे तीन स्वर एका फाइलमध्ये ठेवलेत आणि तिथूनच उचलते.

फॉन्टही स्वतः निवडा. मूळच्या एडविन फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे प्रत्येक संगणक आपल्या मनाने दुसरा फॉन्ट लावतो. फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्समध्ये जाऊन नोटो सान्स देवनागरी लावा. गाण्याच्या शब्दांसाठी तिथे विषम आणि सम ओळींच्या दोन वेगळ्या स्टाइल असतात. दोन्ही बदला, नाहीतर पहिलं कडवं एका वळणात आणि दुसरं भलत्याच.

माउसने ओढून ओढून मजकूर भरकटला असेल तर तो निवडून कंट्रोल आर दाबा, मूळ जागी येतो. आणि मुलांना फाइल न पाठवता पीडीएफ पाठवा, म्हणजे तुम्ही लावलेला फॉन्ट त्यांच्या फोनवरही तसाच दिसतो.