वाइल्डकॅट मिडियम-बोर मॅग्नमची तुलना करताय? बॅरलची ऑर्डर द्यायच्या आधी या चुका टाळा

कस्टम रायफल बांधायची ठरली की पहिलं काम काय, तर .338 पासून .375 पर्यंतच्या (हा गोळीचा व्यास, इंचांत) वाइल्डकॅट काडतुसांचे, म्हणजे दुसऱ्या काडतुसाची केस (पितळी नळकांडं) बदलून घडवलेल्या, कारखान्यात न बनणाऱ्या काडतुसांचे, वेगाचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि सगळ्यात मोठा आकडा उचलायचा. गडबड इथूनच सुरू होते, कारण ते आकडे एकाच मापाने मोजलेले नसतातच.

एकाने 28 इंची बॅरलवर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावलेला असतो, दुसऱ्याने 24 इंचीवर. या वर्गातल्या मॅग्नममध्ये बॅरलच्या एका इंचामागे साधारण 20 ते 30 फूट प्रति सेकंद वेग कमीजास्त होतो, म्हणजे चार इंचांत शंभर फूट इकडचे तिकडे, आणि आपण ते श्रेय काडतुसाला देऊन मोकळे. त्यात प्रेशरची भर. फॅक्टरी काडतुसाला ठरलेली मर्यादा असते, .338 विंचेस्टर मॅग्नमला सामी या अमेरिकन मानक-संस्थेची 64,000 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आहे. खऱ्या वाइल्डकॅटला अशी छापील मर्यादाच नाही, त्यामुळे "माझं 150 फूट जास्त जातं" म्हणणारा किती प्रेशरवर चालवतोय ते बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. बोल्ट जड उचलला जायला लागला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा दिसला की आपण थांबतो, पण ही चिन्हं दिसतात तोवर गाडी बहुतेक वेळा मर्यादेच्या पुढे गेलेली असते. जुन्या तक्त्यात सीयूपी (तांब्याचा तुकडा किती चेपला त्यावरून प्रेशर मोजायचं जुनं माप) दिसलं तर ते पीएसआय समजून वाचू नका, याच .338 ची सीयूपी मर्यादा 54,000 आहे, दोन्ही आकडे एकाच काडतुसाचे.

दुसरी चूक म्हणजे केसमध्ये जास्त पावडर मावते म्हणजे तेवढाच जास्त वेग मिळणार असं धरून चालणं. ढोबळ नियम असा की बोर (नळीचा व्यास) आणि प्रेशर तेच ठेवून केसची क्षमता 4 टक्के वाढली तर वेग जेमतेम 1 टक्का वाढतो. शोल्डर (केसचा निमुळता खांदा) 40 अंशांचा करून केस 'इम्प्रूव्ह्ड' केली आणि समजा 8 टक्के जागा मिळाली, तर 2,800 फुटांचे 2,856 होणार, बस. एवढ्यासाठी रीमर (नळीत काडतुसाची जागा, म्हणजे चेंबर, कापणारं हत्यार) वेगळा, डाय (केसला आकार देणारे साचे) वेगळे, फायरफॉर्मिंग (काडतूस झाडून केस नव्या चेंबरच्या आकाराची करणं) वेगळं! शोल्डर ताठ केल्याचा फायदा असलाच तर केस कमी लांबते हा आहे, वेगासाठी कुणी हे विकत असेल तर दुरूनच नमस्कार.

आता धक्क्याचा हिशोब, कारण तो तुलनेत कुणी धरतच नाही. 9 पौंडी रायफल घ्या, 225 ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळी-पावडरच्या वजनाचं माप), एका काडतुसात 70 ग्रेन पावडर आणि वेग 2,800, दुसऱ्यात 95 ग्रेन आणि वेग 3,000 (हे लोड नाहीत, फक्त हिशोबाचे आकडे आहेत, रीलोडिंग बेंचवर नेऊ नका). पावडरचा गॅस गोळीच्या पावणेदोन पट वेगाने बाहेर पडतो असं सामीच्या पद्धतीने धरलं तर पहिल्याचा रीकॉइल येतो साधारण 33 फूट-पाउंड आणि दुसऱ्याचा 48 च्या वर. म्हणजे वेग 7 टक्के वाढला, खांद्यावरचा मार 45 टक्के. मग माणूस मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा भाग) लावतो, त्याने कानाची वाट लागते, आणि शेवटी एवढी हौसेने बांधलेली रायफल सेफमध्येच पडून राहते.

वेगवेगळ्या बोरची तुलना एकाच वजनाच्या गोळीने करणं हीसुद्धा भरपूर दिसणारी चूक. 250 ग्रेनची गोळी .338 मध्ये घेतली तर सेक्शनल डेन्सिटी (गोळीचं पौंडांतलं वजन भागिले इंचांतल्या व्यासाचा वर्ग) .313, .358 मध्ये .279 आणि .375 मध्ये .254. ती .375 मधून झकास वेगाने सुटते खरी, पण तिथे ती हलकी गोळी आहे आणि .338 मध्ये जड. सेक्शनल डेन्सिटी जवळपास सारखी ठेवून बघा, म्हणजे .338 ला 225, .358 ला 250 आणि .375 ला 270 ग्रेन, मग खरं चित्र दिसतं. आणि गोळ्या मिळतात का तेही बघा: लांब पल्ल्यासाठी सडपातळ जड गोळ्यांची निवड .338 मध्ये भरपूर, .358 मध्ये फारच तोकडी. त्यामुळे .358 एसटीए हे वाइल्डकॅट कागदावर कितीही देखणं वाटलं तरी 'लाँग रेंज'साठी मी ते घेणार नाही, जवळच्या मोठ्या जनावरासाठी म्हणाल तर गोष्ट वेगळी.

नावावरून डायमीटर धरू नका. .340 वेदरबीची गोळी .338 चीच असते, .350 रेमिंग्टन मॅग्नमची .358 ची, आणि जुन्या .333 ओकेएचची मात्र खरोखर .333 ची, ती आज शोधायला गेलात तर घाम फुटेल.

ॲक्शनचं, म्हणजे बोल्ट आणि मॅगझिन बसतं त्या यंत्रणेचं, काय? लोक काडतूस आधी निवडतात आणि ॲक्शन नंतर, आणि मग पैसे दोनदा जातात. .375 एच अँड एच (1912) च्या घराण्यातल्या केसचा रिम (बुडाची कड) .532 इंच, .338 लापुआचा .588, .378 वेदरबीपासून बनवलेल्या .338-378 चाही .58 च्या आसपास, म्हणजे नेहमीच्या मॅग्नम बोल्टवर ही शेवटची दोन बसतच नाहीत. लांबीचंही तसंच, 3.6 इंची काडतूस .30-06 च्या लांबीच्या मॅगझिनमध्ये कोंबायचं म्हणून गोळी आत ढकलली की जी जागा मिळवायला वाइल्डकॅट केलं तीच जागा गोळीने खाल्ली. .375 रुगर 2007 मध्ये आलं ते याच अडचणीवर उत्तर म्हणून, बेल्ट (बुडाजवळचं जाड पितळी कडं) नाही, रिम तोच .532, आणि एच अँड एचचं काम .30-06 लांबीच्या ॲक्शनमध्ये. म्हणून आधी विचारा की हे काम करणारं फॅक्टरी काडतूस आधीच आहे का. .35 व्हेलन 1922 पासून वाइल्डकॅट होतं, 1988 मध्ये रेमिंग्टनने ते फॅक्टरीत आणलं, आता त्यासाठी कुणी केस घडवत बसत नाही.

रायफल बांधून झाली आणि केस दोन-तीन फायरिंगमध्ये बेल्टच्या जरा वर तुटायला लागली, ही नेहमीची तक्रार. बेल्टच्या वर केसभोवती चकचकीत रेघ दिसत असेल तर ती केस गेली, टाकून द्या. टोकाला छोटा आकडा केलेली तार आत घालून भिंतीवरून फिरवली की आतली खाच हाताला लागते. कारण बहुतेकदा एकच, डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली करून दर वेळी शोल्डर मागे ढकललेला असतो. बेल्ट विसरा, हेडस्पेस (केस चेंबरमध्ये जिथे टेकते तिथपासून बोल्टपर्यंतचं अंतर) शोल्डरवर ठेवा आणि शोल्डर बोल्ट सहज बंद होईल इतकाच मागे न्या, एक-दोन हजारांश इंच पुष्कळ झाले.

केस नेक-डाउन करून (तिचं तोंड, म्हणजे नेक, अरुंद करून) बनवली असेल तर आधी नेकची जाडी मोजा. गोळी बसवल्यावरचा नेकचा डायमीटर आणि चेंबरच्या नेकचा डायमीटर यांत निदान तीन हजारांश इंच फरक हवा. तो नसेल तर नेकला फुलायला जागा नाही, गोळी सुटत नाही आणि प्रेशर एकदम चढतं. शोल्डरचा जाड पितळी भाग नेकमध्ये आला की आतून कडं तयार होतं, ते रीम करून काढायचं. गनस्मिथकडून रीमरचं ड्रॉइंग आणि डमी काडतूस मागून ठेवा, डाय बनवणारा पहिल्यांदा तेच मागतो.

हेडस्टॅम्पकडे, म्हणजे केसच्या बुडावर छापलेल्या नावाकडे, तर कुणी बघतच नाही. .338 एज म्हणजे .300 आरयूएमची (रेमिंग्टन अल्ट्रा मॅग्नमची) केस नेक-अप केलेली, म्हणजे तोंड रुंद केलेली, बुडावर नाव मात्र जुनंच. दोन्ही रायफली घरात असतील तर .300 चं काडतूस एजच्या चेंबरमध्ये आरामात जाईल आणि .308 ची गोळी .338 च्या बॅरलमधून खडखडत निघेल, नेक फाटेल ते वेगळंच. डबे वेगळे, लेबल वेगळी, आणि खुद्द बॅरलवर पूर्ण नाव कोरून घ्या, नुसतं '.338 मॅग' लिहून भागत नाही, उद्या रायफल विकलीत तर पुढचा माणूस त्यात .338 विंचेस्टर घालून बघेल.