आधी थांबणारा माग: साधा यंत्रमाग ऑटोमॅटिक करण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

तंत्रनिकेतनातून वस्त्रनिर्माणाची पदविका घेऊन मी नागपुरात टेका नाक्याजवळच्या एका शेडमध्ये कामाला लागलो, तेव्हा तिथे 24 साधे माग होते. मालकांना ते 'ऑटोमॅटिक' करून हवे होते. माझ्या डोक्यात कॉलेजात चित्रात पाहिलेली 'बॅटरी' होती (विजेची नव्हे; आडव्या सुताची कांडी संपली की आपोआप नवी बसवणारा भरलेल्या कांड्यांचा साठा) आणि तीच आधी बसवायची असं मी धरून चाललो होतो. शेडचे मेस्त्री पूर्वी एम्प्रेस मिल या कापड गिरणीत जॉबर, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर, होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोट्ट्या, मागाले पळता येते. थांबता येत नाही. आपल्याले आधी तेच शिकवाचं आहे त्याले."

त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून लिहितो आहे.

साधा माग तसा बिचारा पुष्कळ काम स्वतःच करतो. वह्या (धागे उचलणाऱ्या चौकटी) वरखाली करून ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, वाट पाडतो, पोटात कांडी असलेला धोटा त्यातून फेकतो, फणीने बाणा, म्हणजे आडवा धागा, ठोकतो, विणलेलं कापड गुंडाळून घेतो. माणूस लागतो तो चार कारणांसाठी: कांडी संपली, बाणा तुटला, ताण्याचा धागा तुटला, किंवा बीमवरचा (ताणा गुंडाळलेल्या रुळावरचा) ताण कमीजास्त झाला. माग ऑटोमॅटिक करायचा म्हणजे ही चार कारणं एकेक करून मागाच्या ताब्यात द्यायची. त्यातलं कांडीचं कारण डोळ्यांना सर्वांत जास्त दिसतं, म्हणून नवखा माणूस तिथेच अडकतो.

हिशेब करून पाहा. 20 काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या 20 लडी. एका ग्रॅमला साधारण 34 मीटर. कांडीवर 25 ग्रॅम सूत असेल तर जवळजवळ 850 मीटर. माग मिनिटाला 150 बाणे घालत असेल आणि फणीतला पन्हा सव्वा मीटर असेल, तर कांडी साडेचार मिनिटांत रिकामी. एक कारागीर चार माग सांभाळत असेल तर सरासरी दर 68 सेकंदांनी त्याला कुठला तरी माग थांबवून कांडी बदलावी लागते. उरलेल्या वेळात त्याने बारा हात लांब असलेल्या मागावरचा तुटलेला धागा कधी पाहायचा? तो नाही पाहत. कापडात जाळं पडतं, लांबच लांब पट्टी पडते, आणि माल तपासताना मजुरी कापली जाते ती त्याचीच. म्हणून सांगतो, वेळ कांडी खाते हे खरं, पण कापड खराब होतं ते माग वेळेवर न थांबल्यामुळे.

कोणतीही नवी जोड बसवण्याआधी मागाची तब्येत पाहा. आमच्या 24 पैकी नऊ माग पातळीतच नव्हते. स्पिरिट लेव्हल ठेवली की बुडबुडा एका कडेला पळायचा. क्रँक शाफ्टच्या बुशा झिजलेल्या, धोट्याला फटका मारणारे पिकर फाटलेले, धोट्याच्या पेटीत त्याला दाबून थांबवणाऱ्या स्वेलचा दाब प्रत्येक मागावर वेगळा. अशा मागावर अचूक काम करणारं यंत्र बसवणं म्हणजे घोटा मुरगळलेल्या माणसाला नवे बूट घालणं. तीन महिने आम्ही फक्त हेच केलं. मालक कंटाळले, मीही कंटाळलो. मेस्त्री कंटाळले नाहीत.

मग ब्रेक. पुस्तकात याला अर्धं पान असतं, शेडमध्ये मात्र सगळं याच्यावर उभं असतं. थांबण्याचा इशारा मिळाल्यावर माग पुढे आणखी दोन-तीन फेरे मारून थांबत असेल, तर इशारा देणारं यंत्र कितीही चांगलं असो, कापडावर पट्टी पडणारच. ब्रेकच्या चामड्यावर तेल उडालेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आम्ही अस्तर बदललं, तेल उडण्याची जागा बंद केली, आणि माग बंद करणारं हँडल पडल्यावर तो किती अंशांवर थांबतो ते प्रत्येक मागाच्या चाकावर खडूने लिहून ठेवलं. तुम्हीही हे करा. खडूची ती खूण पुढे तुम्हाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल.

बाणा तुटल्यावर थांबवणारा काटा साध्या मागावर असतोच, बहुतेक बाजूला. फणीच्या कडेला असलेल्या जाळीच्या पुढे आडवा बाणा आला तर तो काट्याच्या दातांना ढकलतो, काट्याची मागची आकडी उचलली जाते आणि खालच्या शाफ्टवरून हलणारा हातोडा तिला न अडकता निघून जातो. बाणा नसेल तर दात जाळीतून आरपार जातात, आकडी खालीच राहते, हातोडा तिला पकडून मागे ओढतो आणि हँडल पडतं. किती साधी आणि किती सुंदर योजना आहे ही! तिची मर्यादा मात्र ओळखा. खालचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि काटा एकाच बाजूला असतो, त्यामुळे तपासणी दर दोन बाण्यांनी एकदा होते. बाणा चुकल्यावर मधे एखादा रिकामा फेरा जाऊ शकतो. मधल्या काट्याची रचना प्रत्येक बाणा तपासते. शर्टिंग किंवा रंगीत माल विणायचा असेल तर तिचा खर्च वसूल होतो. जाडाभरडा ग्रे (न धुतलेला, न रंगवलेला) माल असेल तर बाजूचा काटा नीट जुळवून घेतला तरी पुरतो, असं माझं मत आहे.

खरी कसोटी लागली ती ड्रॉप पिनांनी. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लटकते. धागा तुटला की ती खाली पडते, पट्टीला टेकून विजेचं सर्किट पुरं होतं आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी खटका) हँडल पाडतो. सव्वा मीटर पन्हा आणि इंचाला 60 धागे धरले तर एका मागाला जवळजवळ तीन हजार पिना लागतात. पिनेचं वजन सुताप्रमाणे निवडावं लागतं. बारीक सुतावर जड पीन टाकली तर तीच धागा झिजवते. जाड सुतावर हलकी पीन टाकली तर धागा तुटूनही ती शेजारच्या धाग्यांच्या गुंत्यात वर अडकून राहते.

आम्ही चार मागांवर पिना बसवल्या त्या मे महिन्यात. नवतपा सुरू झाला होता, पारा 45 च्या वर, हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल बघता बघता वाळावा. कापसाच्या धाग्याला ओल लागते. ती गेली की ताण्याला लावलेली खळ (पेज) कडक होऊन तडकते, धागा ताणला जात नाही आणि तुटतो. माग सारखे थांबू लागले. पूर्वीही धागे तुटत होतेच, पण माग पळत राहायचा आणि मीटर पडत राहायचे. आता प्रत्येक तुटीला माग उभा, आणि कारागिराची मजुरी मीटरवर. चौथ्या दिवशी मला दिसलं की चारही मागांच्या संपर्कपट्टीवर कागदाची चिंधी सरकवलेली आहे. पिना पडत होत्या, पण सर्किट पुरं होत नव्हतं.

मी रागावून कारागिराला बोललो. हे चुकलं माझं. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कापड तुमचं चांगलं होईन. पण या आठवड्यात घरी नेवाचं काय?"

त्याच्या प्रश्नाला उत्तर पिनेत नव्हतं. ते हवेत, खळीत आणि मजुरीत होतं. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि पुढे तिथे हवा ओलसर ठेवण्याची यंत्रणा बसवली, ती काही हौस म्हणून नाही. या शहरात सूत चालवायचं तर दुसरा इलाज नव्हता. आमच्या शेडमध्ये तेवढा पैसा नव्हता. आम्ही पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले, दोन मोठे कूलर आत फिरवले, ओला-सुका तापमापक टांगला आणि दर दोन तासांनी त्याची नोंद ठेवली. ताण्याला खळ लावून देणाऱ्या सायझिंगवाल्याकडे जाऊन खळ थोडी मऊ करून घेतली. आणि मालकांशी बोलून त्या चार मागांवर दोन महिने मीटरऐवजी रोजाने पैसे द्यायला लावले. सगळ्यांत अवघड काम हे शेवटचंच होतं. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस कागदाच्या चिंध्या आपोआप गेल्या. पावसाळा लागल्यावर त्याच कारागिराने विचारलं, "बाकीच्या मागायले पिना कधी लावता?"

बीमच्या ताणाबद्दल थोडक्यात. दोर किंवा साखळीला वजनं लावून बीमला धरून ठेवण्याची पद्धत सोपी आहे, पण बीम रिकामा होत जातो तसा ताण वाढत जातो. रोध तोच राहतो आणि त्रिज्या घटते. 25 सेंटिमीटर त्रिज्येचा भरलेला बीम 10 सेंटिमीटरवर आला की ताण अडीच पट होतो. कारागीर वजनं सरकवून तो अंदाजाने कमी करतो. मागच्या दांड्यावरून ताण ओळखून बीम तेवढाच सोडणारी अर्धस्वयंचलित लेट-ऑफ बसवली की तुटी कमी होतात आणि माग पुन्हा सुरू करताना पडणारी पट्टीही बरीच कमी होते. खर्चाच्या मानाने मला ही जोड सगळ्यांत समाधानाची वाटली.

आणि आता बॅटरी, जिच्यासाठी मी पहिल्या दिवशी उतावीळ होतो. जेम्स नॉर्थ्रॉप या मूळच्या इंग्लिश कारागिराने अमेरिकेत ड्रेपर कंपनीसाठी ही रचना केली आणि 1894 पासून तो माग बाजारात आला. त्या मागावर ताणा तुटल्यावर थांबण्याची योजनाही होती. कांडी आपोआप बदलू लागली की एका माणसाकडे जास्त माग येतात, आणि मग तुटलेला धागा पाहायला डोळेच उरत नाहीत. जपानमध्ये साकिची टोयोडांचा 1924 चा जी प्रकारचा माग तर चालता चालता अख्खा धोटाच बदलायचा, आणि धागा तुटला की थांबायचा. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले. मेस्त्रींनी यातलं काही वाचलं नव्हतं, तरी त्यांना ते ठाऊक होतं.

दोन मागांवर आम्ही बॅटरी बसवून पाहिली. तेव्हा कळलं की एक जोड लावायची तर सगळं कुटुंब बदलावं लागतं. साध्या धोट्यात कांडी खिट्टीवर बसते. इथे बुडाशी कड्या असलेली कांडी लागते आणि तिला स्प्रिंगच्या जबड्यात धरणारा धोटा लागतो. धाग्याने आपोआप डोळ्यात शिरावं म्हणून त्याला फट असते. (जुन्या धोट्याच्या डोळ्यातून धागा तोंडाने ओढून घेत असत, त्या पद्धतीने किती कामगारांच्या छातीत सुताची धूळ गेली असेल, याचा विचार केला की ही फट मला मोठी गोष्ट वाटते.) एका बाजूचा फीलर कांडी संपत आल्याचं ओळखतो, धोटा दुसऱ्या बाजूला पोचला की हातोडा नवी कांडी वरून ठोकून रिकामी खाली पाडतो. 150 च्या वेगाला एक फेरा 0.4 सेकंदाचा, आणि हे त्याच्याही एका भागात उरकायचं असतं. धोटा पेटीत दोन-तीन मिलिमीटर अलीकडे राहिला तरी कांडी वाकडी बसते किंवा फुटते. फीलरने इशारा दिल्यावरही एक-दोन बाणे जायचे असतात, म्हणून कांडीच्या बुडाशी राखीव सुताचा जुडगा भरलेला हवा. आमच्या कांडी मशीनवर तो भरलाच जात नव्हता. म्हणजे ती मशीनही बदलणं आलं. बॅटरीत पंचवीसेक कांड्या मावतात, 20 काउंटला त्या पावणेदोन तास तरी पुरतात, सगळं खरं. पण जुन्या हलक्या सांगाड्यावर हा खर्च आज करू नये, असंच मी सांगेन. माग थांबवणाऱ्या जोडण्या, ब्रेक आणि लेट-ऑफ करा. त्यापुढचा पैसा साठला तर रेपियरचा, म्हणजे धोट्याविना बाणा ओढून नेणाऱ्या मागाचा, विचार करा.

या कामात येणाऱ्याने पहिले सहा महिने पाना हातात घेण्याची घाई करू नये. एक महिना कांड्या भरा, दोन महिने स्वतः माग चालवा, मगच जॉबरच्या मागे लागा. वही ठेवा: माग क्रमांक, थांबल्याची वेळ, कारण, किती मिनिटं. ताणा तुटला असेल तर फणीपुढे तुटला की मागे, तेही लिहा. पिनांच्या आणि मोटरच्या वायरिंगपुरती वीज शिका, कारण आता नुसत्या यांत्रिक ज्ञानावर भागत नाही. विणकाम मुळापासून समजून घ्यायचं असेल तर गोळीबार चौक, तांडापेठ भागातल्या हातमागावर जाऊन बसा. हाताने ठोकलेला बाणा कसा बसतो हे एकदा कळलं की यंत्राची चूक आवाजावरून ओळखू येते.

आणि मागाला हात लावण्याआधी मोटरचा स्विच स्वतः बंद करा, दुसऱ्याने केलाय असं ऐकून नाही. धोट्याचं रक्षक जाळं काढलेला माग कुणीही सांगितलं तरी सुरू करू नका. लोखंडी टोकाचा धोटा पेटीबाहेर उडाला तर समोरच्या मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर जातो. आमच्या शेडमध्ये तो एकदा उडाला आणि भिंतीत रुतला. भिंतीतला तो खड्डा मेस्त्रींनी कधी बुजवू दिला नाही. नवीन पोरगा आला की आधी त्याला तिथे नेऊन उभं करायचे.