मोठ्या कुटुंबाने टाइमशेअर घ्यावं का? सही करण्याआधी वही काढा

मॉलमध्ये सहज एक कुपन भरलेलं असतं. आठवड्याभरात फोन येतो, "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे, गिफ्ट घ्यायला जोडीने या." यातलं 'जोडीने' महत्त्वाचं. "घरी विचारून सांगतो" ही पळवाट आधीच बंद केलेली असते. मग हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं, चहा-सामोसे, मुलांना रंगवायला चित्रं आणि समोर टाइमशेअर विकायला बसलेला गोड बोलणारा तरुण. त्याचा पहिला प्रश्न, "सर, वर्षातून किती दिवस फिरायला जाता?" आपण जरा फुगवूनच सांगतो. पुढची सगळी आकडेमोड त्या फुगवलेल्या उत्तरावर उभी राहते.

हा लेख त्या टेबलावर बसण्याआधी वाचायचा आहे. घरात आजी-आजोबा, दोन-तीन भावंडं, त्यांची मुलं अशी बारा-पंधरा माणसं असतील, तर जास्तच. कारण ही योजना चौकोनी कुटुंबाच्या मापाने शिवलेली असते.

आधी नेमकं काय विकत घेतो ते समजून घ्या. टाइमशेअर म्हणजे ठरावीक वर्षं, बहुधा पंचवीस, दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत ही मालमत्ता नसते, सातबारावर तुमचं नाव येत नाही. सुरुवातीला एक मोठी रक्कम भरायची, शिवाय दरवर्षी वार्षिक शुल्क, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. स्टर्लिंगने १९८६ साली आणि क्लब महिंद्राने १९९६ साली हा धंदा भारतात रुजवला. दोन्ही कंपन्यांचे समाधानी सभासद आहेत, वैतागलेलेही आहेत. बऱ्याचदा फरक कंपनीत नसतो, घराच्या सवयींत असतो. म्हणून सुरुवात घरापासून करू.

१. मागच्या पाच वर्षांची वही काढा

पुढे किती फिरणार ते लिहू नका. मागे किती फिरलात ते लिहा. प्रत्येक सहलीपुढे चार गोष्टी: कोण कोण होतं, किती रात्री, कोणता महिना, कुठे उतरलात. फोनमधले फोटो चाळले की तारखा सापडतात.

आता त्यातली लग्नं, बारशी, कुलदैवताच्या फेऱ्या आणि नातेवाइकांकडचे मुक्काम बाजूला काढा. जेजुरी, तुळजापूर, मंगेशी इथे आपण भक्तनिवासात किंवा अग्रशाळेत उतरतो, तिथे रिसॉर्टची मेंबरशिप कामाची नाही. गणपतीत कोकणातल्या घरी जातो, तेही वेगळं. जे उरेल ती तुमची खरी 'रिसॉर्ट सुट्टी'. आमच्या वहीत पाच वर्षांत एकूण अकरा रात्री उरल्या होत्या. हॉटेलातल्या त्या टेबलावर मात्र मी "वर्षाला दहा दिवस तरी" असं ठोकून दिलं होतं.

वर्षाला सरासरी पाच रात्रींपेक्षा कमी भरत असतील, तर इथेच थांबायला हरकत नाही.

२. सात रात्री म्हणजे किती रात्री, हे मोजा

मोठ्या कुटुंबाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि यात कुणी खोटंही बोललेलं नसतं. "दरवर्षी सात रात्री" म्हणजे एका खोलीच्या किंवा एका अपार्टमेंटच्या सात रात्री. तुमच्या खानदानाच्या नव्हेत.

समजा तुम्ही चौदा जण आहात आणि एका अपार्टमेंटमध्ये चौघांची सोय आहे. म्हणजे चार अपार्टमेंट लागली. एका रात्रीत तुमच्या खात्यातून चार रात्री गेल्या. सातातून चार वजा, उरल्या तीन. सगळ्यांनी मिळून दुसरी रात्र काढता येत नाही. तीन वर्षांच्या रात्री साठवायची मुभा असेल तर एकवीस होतात, त्यात सगळ्यांचा पाच रात्रींचा मुक्काम बसतो. म्हणजे तीन वर्षं शुल्क भरून एक सहल. हे चालणार असेल तर खुशाल घ्या, पण हे गणित तुम्ही मांडा, तो तरुण मांडणार नाही.

सोबत हेही विचारा: एका खोलीत मोठी माणसं किती, मुलं किती? मूल कितव्या वर्षापर्यंत मूल धरतात? जादा गादीचे पैसे किती? आज सहा वर्षांची असलेली पुतणी पंचवीस वर्षांच्या करारात बहुतेक काळ मोठ्यांतच मोजली जाणार आहे.

३. सगळे एकाच वेळी मोकळे कधी असता?

मेंबरशिप सीझनप्रमाणे विकली जाते. क्लब महिंद्रात जांभळा, लाल, पांढरा, निळा असे रंग आहेत. जांभळा सगळ्यात गर्दीचा आणि महाग, निळा स्वस्त. वरच्या रंगाचा सभासद खालच्या सीझनमध्ये जाऊ शकतो, उलट नाही. विक्रीच्या वेळी निळा-पांढरा परवडणारा वाटतो. पण शाळकरी मुलांचं घर दिवाळी, नाताळ आणि मे महिना सोडून निघतं कधी?

इथे कॅलेंडर घेऊनच बसा. एका भावाची मुलं राज्य मंडळात, दुसऱ्याची सीबीएसईत, तिथलं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. बहीण नागपूरला असेल तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतरांपेक्षा उशिरा उघडतात. दीर अमेरिकेत असेल तर तो डिसेंबरमध्ये येतो, नाहीतर जून-जुलैमध्ये. सगळ्यांच्या सुट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहा. बहुतेक घरांत जेमतेम दहा-बारा दिवस सामाईक निघतात, आणि त्याच दिवसांत अख्ख्या महाराष्ट्राला महाबळेश्वरला जायचं असतं.

म्हणून एक प्रयोग करा. ओळखीत कुणी सभासद असेल तर त्याच्या शेजारी बसून अ‍ॅप उघडायला सांगा आणि पुढच्या दिवाळीत चार खोल्या एकाच रिसॉर्टमध्ये मिळतात का ते पाहा. एक खोली मिळणं आणि चार मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहा मिनिटांच्या या उद्योगाने जे कळतं ते चकचकीत माहितीपत्रकातून कळत नाही.

उलट घरात निवृत्त जोडपी असतील, मंगळवार ते शुक्रवार हिंडायला मोकळी, तर त्यांना मेंबरशिप खरोखर उपयोगी पडते. माझ्या पाहण्यात वसूल झालेल्या मेंबरशिप बहुतेक साठीपुढच्या लोकांच्या आहेत.

४. एका रात्रीचा भाव काढा

समजण्यापुरते आकडे घेऊ. करासहित पाच लाख रुपये, पंचवीस वर्षं, वर्षाला सात रात्री. वार्षिक शुल्क २५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९,५००.

विक्रेता सांगतो: पाच लाख भागिले १७५ रात्री, २,८५७ रुपये. "सर, एवढ्यात लॉज तरी मिळतो का?" त्याने शुल्क धरलेलंच नाही. ते धरलं की पहिल्याच वर्षी ७,०७१ रुपये होतात. शिवाय हेच पाच लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला ३५,००० व्याज आलं असतं आणि मुद्दल शाबूत राहिलं असतं. व्याज आणि शुल्क मिळून ६४,५००, भागिले सात, ९,२१४ रुपये. पाचच रात्री वापरल्या तर १२,९००.

शुल्क दरवर्षी वाढतं. ६ टक्क्यांनी वाढलं तर पंचवीस वर्षांत नुसत्या शुल्कापोटी सोळा लाखांच्या वर जातात आणि शेवटच्या वर्षीचं शुल्क १,१९,००० च्या पुढे असतं. हॉटेलांचे दरही वाढणारच, हे खरं. पण हॉटेलात न जाण्याची सोय असते.

आलेला भाव घ्या आणि तशाच रिसॉर्टचा तुमच्या नेहमीच्या तारखांचा बाहेरचा दर पाहा. मेंबरशिपचा भाव निम्म्यावर येत असेल तर विचार करण्यासारखं आहे. उन्नीस-बीस असेल तर कशाला अडकायचं?

जेवणाचं विसरू नका. चौदा माणसांची न्याहारी, दोन जेवणं आणि संध्याकाळची भजी रिसॉर्टच्या दराने धरा. खोलीत छोटं स्वयंपाकघर आहे का, बाहेरचं जेवण आणू देतात का, तेही विचारा. मोठ्या घराचं सहलीचं बिल अनेकदा खोलीपेक्षा ताटावर फुगतं.

५. नाव कुणाचं, शुल्क कुणाचं

"तिघा भावांत मिळून घेऊ" ही कल्पना पहिल्या वर्षी छान वाटते. करार मात्र थोरल्याच्या नावे होतो. तिसऱ्या वर्षी धाकट्याची बदली होते, तो येत नाही, पण शुल्काचा तिसरा हिस्सा मागायचा कसा? आणि मे महिन्याचा आठवडा कुणाचा?

घ्यायचंच असेल तर घरातल्या घरात एका कागदावर लिहून काढा: कोण किती भरणार, तारखांची पाळी कशी, बाहेर पडणाऱ्याला काय मिळणार. आणि कंपनीला विचारा की सभासद सोबत नसताना भाऊ-भावजय राहिल्या तर पाहुण्यांचं वेगळं शुल्क पडतं का. सभासद गेल्यावर मेंबरशिप कुणाकडे जाते, नाव बदलायला किती खर्च येतो, हे आजच विचारलं तर उद्या मुलांना त्रास नाही.

६. करार घरी आणा

"आजच सही केली तर साठ हजार सूट" असं म्हणतील. मग साहेब येतील, ते आणखी थोडी देतील. क्रेडिट कार्ड खिशातच ठेवा, शक्यतो घरी ठेवून जा. मागा फक्त कराराची कोरी प्रत. देत नसतील तर उत्तर मिळालं.

प्रत मिळाली तर चार कलमं शोधा: शुल्क वाढवण्याची मर्यादा, शुल्क थकलं तर काय, सही केल्यावर किती दिवसांत पूर्ण पैसे परत मिळतात, आणि मुदतीआधी बाहेर पडल्यास कपात किती. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन ईमेलवर मागवा. परदेशातल्या रिसॉर्टची अदलाबदल करून देणाऱ्या आरसीआयसारख्या संस्थेचं नाव घेतलं असेल तर तिची फी वेगळी आहे का, तेही त्यात येऊ द्या.

"वापरली नाही तर पैसे वाढवून परत" असं कुणी म्हटलं तर मात्र उठून चालू पडा. मुंबईच्या पॅन कार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्री अशाच परताव्याच्या आशेवर विकल्या. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने त्याला सामूहिक गुंतवणूक योजना (अनेकांचे पैसे एकत्र करून परतावा देऊ करणारी योजना) ठरवलं आणि २०१६ साली सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार होते ५१ लाखांहून अधिक.

अडकायचं नसेल तर

एकदा त्याच रिसॉर्टमध्ये साधे ग्राहक म्हणून दोन रात्री राहून पाहा. चौदा जणांसाठी गुहागर, दापोली किंवा मालवणकडचं अख्खं घर भाड्याने घेणं बहुतेकदा सोयीचं पडतं: ओसरीवर पत्ते, ताजे मासे आणि सगळे एका छताखाली. रिसॉर्टमध्ये चार खोल्या चार मजल्यांवर मिळाल्या तर आजीला भेटायला लिफ्ट शोधावी लागते.

आणि आधीच घेतली असेल तर

पैसे परत मिळण्याची मुदत करारात पाहा. ती उरली असेल तर आजच लेखी ईमेल करा, फोनवर भागवू नका. मुदत गेली असेल आणि कबूल केलेली सेवा मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. तक्रार करण्याची मुदत तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि तुम्ही कंपनीला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. "तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा" असा फोन आला, तर एक पैसाही न देता ठेवून द्या.