हार्डकोअर बँडचा उदय आणि अस्त: एका संध्याकाळच्या श्रवणबैठकीची आखणी

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या श्रवणबैठका पुण्याला नव्या नाहीत. चार रसिक जमतात, एक जाणकार क्रम ठरवतो, ध्वनिमुद्रण लावण्यापूर्वी चार वाक्ये बोलतो आणि मग सगळे मुकाट्याने ऐकतात. ख्याल किंवा नाट्यसंगीत ऐकण्याची ही शिस्त हार्डकोअर पंक, म्हणजे पंक रॉकचा अतिवेगवान आणि आक्रमक प्रकार, ऐकण्यासाठीही तितकीच उपयोगी पडते. हे संगीत नुसते कल्लोळ म्हणून उडवून लावले जाते, ते बहुधा कोणी क्रमाने आणि लक्ष देऊन ऐकलेले नसते म्हणून. अशा पहिल्या बैठकीसाठी अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराचा ‘माइनर थ्रेट’ हा बँड निवडावा. तो १९८० मध्ये सुरू झाला, १९८३ मध्ये थांबला आणि त्याच्या संपूर्ण संग्रहात अवघी २६ ध्वनिमुद्रणे आहेत, जी सुमारे ४७ मिनिटांत संपतात. एखाद्या बँडचा उदय आणि अस्त एकाच संध्याकाळी, काहीही न गाळता ऐकण्याची अशी संधी क्वचितच मिळते.

जागा म्हणून सदनिकेतील दिवाणखाना पुरेसा आहे. दहा-बारा श्रोत्यांपेक्षा अधिक मंडळी बोलावू नयेत. साडेसहाला सुरुवात करून नऊच्या आत संगीत थांबेल असे नियोजन करावे आणि शेजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, कारण हे संगीत अगदी हळू आवाजात लावले तर त्याचा जोरच नाहीसा होतो. मोबाइलचा किंवा लहान ब्लूटूथ स्पीकर वापरू नये. त्यावर खालचे स्वर वाजवणारी बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि या बँडच्या उत्तरार्धात काय बदलले हे समजण्यासाठी ती ऐकू येणे आवश्यक आहे. गाण्यांचे शब्द कानाने पकडणे कठीण असल्याने प्रत्येक गाण्याचा आशय दोन ओळींत मराठीत लिहून त्याच्या प्रती श्रोत्यांना आधी द्याव्यात.

प्रास्ताविक दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. गायक इयन मकाय आणि ड्रमवादक जेफ नेल्सन हे आधी ‘टीन आयडल्स’ या बँडमध्ये होते. त्या बँडची तबकडी काढण्यासाठी १९८० मध्ये ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ ही तबकड्या काढणारी कंपनी सुरू झाली आणि त्या तबकडीची वेष्टने या मुलांनी स्वतः कापून, दुमडून, चिकटवून तयार केली. त्यांच्यासोबत गिटारवर लाइल प्रेसलर आणि बासवर ब्रायन बेकर आले आणि माइनर थ्रेट उभा राहिला. मद्य विकणाऱ्या जागांमध्ये अल्पवयीन श्रोत्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांच्या हातावर, यांना मद्य देऊ नये याची खूण म्हणून, फुली काढण्याची प्रथा या मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोच्या दौऱ्यावरून आणली, हेही येथेच सांगावे.

यानंतर १९८१ची पहिली तबकडी सलग लावावी. तिच्यात आठ गाणी आहेत आणि ती दहा मिनिटांच्या आत संपतात. मध्ये कोणी बोलू नये. ती संपल्यावर त्यातील ‘स्ट्रेट एज’ हे ४६ सेकंदांचे गाणे पुन्हा लावून श्रोत्यांचे लक्ष गिटारकडे वेधावे. प्रेसलर एवढ्या वेगातही सहाही तारांचे पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवतो, त्यामुळे नाद पातळ पडत नाही. नेल्सनचे ड्रम्स जिथे थांबतात तिथे सगळेच एकदम थांबतात. ही नेमकी थांबण्याची तयारी ऐकली की ‘यांना वाजवता येत नव्हते’ हा गैरसमज तिथल्या तिथे मिटतो. दारू, सिगारेट आणि अमली पदार्थ नाकारणाऱ्या या गाण्यावरून पुढे एक जीवनपद्धतीच नाव घेऊन उभी राहिली.

आता बैठकीचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतो आणि त्यासाठी भरपूर वेळ राखून ठेवावा. बँडचा अस्त शेवटच्या तबकडीत शोधू नये. तो भरभराटीच्या दिवसांतच सुरू झालेला असतो, असे माझे ठाम मत आहे आणि त्याचा पुरावा येथे कानाला मिळतो. ‘आउट ऑफ स्टेप’ हे गाणे बँडने दोनदा ध्वनिमुद्रित केले: एकदा १९८१च्या दुसऱ्या तबकडीसाठी आणि पुन्हा १९८३च्या, याच नावाच्या तबकडीसाठी. भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्यांचे पाठभेद जसे शेजारी शेजारी ठेवून तपासले गेले, तशी ही दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ लावावीत. गाण्यात मकाय आपण काय करत नाही ते सांगतो. पण त्यातून इतरांनी काय करू नये याचा हुकूम ऐकू येतो, असे नेल्सनला वाटत होते आणि ‘मी’ हा शब्द स्पष्ट यावा असा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या ध्वनिमुद्रणात मध्येच गाण्याऐवजी बोलणे ऐकू येते आणि मकाय सांगतो की ही कोणासाठी घालून दिलेली नियमावली नाही. श्रोत्यांना ते बोलणे दोनदा ऐकवावे. बँडच्या यशामुळे अनुयायी मिळाले, अनुयायांमुळे नियम तयार झाले आणि त्या नियमांवरून चौघांत मतभेद झाले, ही साखळी त्या काही सेकंदांत उघड होते.

‘गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट’ (गोरे असण्याचा दोष) हे गाणे आयोजकाला टाळावेसे वाटेल. ते टाळू नये. वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या शाळेत शिकलेल्या एका गोऱ्या मुलाच्या अनुभवातून ते आले आहे. मकायने ते वंशभेदविरोधी म्हणून लिहिल्याचे सांगितले असले, तरी त्याचा उलट अर्थ घेणारे श्रोते त्याला भेटलेच. जातीचे वास्तव जवळून पाहणाऱ्या आपल्या श्रोत्यांकडे या गाण्याबद्दल बोलण्यासारखे पुष्कळ असते. आयोजकाने फक्त पार्श्वभूमी सांगून चर्चेला जागा द्यावी.

चहापूर्वी मधली घडामोड थोडक्यात सांगावी. प्रेसलर १९८१च्या अखेरीस विद्यापीठात शिकायला गेला आणि बँड थांबला; ‘बॅड ब्रेन्स’ या वॉशिंग्टनच्याच हार्डकोअर बँडचा गायक एच. आर. याच्या आग्रहामुळे १९८२ मध्ये तो पुन्हा जमला. स्टीव्ह हॅन्सजेन बासवर आला, बेकर गिटारकडे वळला आणि नाद भरीव झाला. पैशांसाठी परत आल्याचा आरोप होऊ लागला, तेव्हा त्याची टर उडवणारे ‘कॅशिंग इन’ हे गाणे त्यांनी १९८३च्या तबकडीच्या शेवटी घातले.

चहाच्या वेळी तीन वेष्टनांची चित्रे मोठ्या आकारात सर्वांसमोर ठेवावीत. पहिल्यावर, १९८१च्या पहिल्या तबकडीवर, गायकाचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक पायऱ्यांवर मुंडण केलेले डोके हातांवर टेकून बसला आहे. दुसऱ्यावर, १९८३च्या ‘आउट ऑफ स्टेप’वर, सिंथिया कॉनली यांनी काढलेली, पांढऱ्या कळपापासून उडी मारून दूर जाणारी काळी मेंढी आहे. तिसऱ्यावर, १९८५च्या ‘सॅलड डेज’वर, ग्लेन फ्रीडमन यांनी टिपलेले बँडचे मूळ चौघे जण डिस्कॉर्डच्या घराच्या ओसरीवर दिसतात.

अखेरच्या भागात या ‘सॅलड डेज’ तबकडीतील तीनही गाणी लावावीत. २३ सप्टेंबर १९८३ रोजी बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि ही गाणी त्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झाली. म्हणजे श्रोते जे ऐकत असतात ते विसर्जनानंतरचे काम आहे, हे ऐकण्यापूर्वीच सांगावे. शीर्षकगीतात अकूस्टिक गिटार आणि घंटांचा नाद येतो, जो दोन वर्षांपूर्वी या बँडकडून कोणीच अपेक्षिला नसता. इतरांना अधिक सुरेल आणि मोठ्या श्रोतृवर्गाकडे नेणारे संगीत हवे होते, मकायला ते मान्य नव्हते. यात कोणा एकाला दोषी ठरवण्याचा मोह आयोजकाने आवरावा आणि चर्चेसाठी एकच प्रश्न ठेवावा: याच चौघांनी आणखी एक तबकडी काढली असती, तर ती या नावाने काढणे योग्य ठरले असते का?

पुढच्या बैठकीसाठी मकायचे ‘एम्ब्रेस’ आणि ‘फुगाझी’ व बेकरचा ‘डॅग नॅस्टी’ हा क्रम सोयीचा आहे. पुण्यातील एखाद्या विसर्जित बँडवर हीच पद्धत वापरायची असेल, तर आधी त्याच्या सर्व सदस्यांशी स्वतंत्रपणे बोलावे, सरावाची मोबाइलवरील ध्वनिमुद्रणे आणि जाहिरातपत्रके तारखांसह गोळा करावीत, आणि एकाच गाण्याची दोन वेगवेगळ्या काळांतील ध्वनिमुद्रणे मिळतात का, ते सर्वांत आधी विचारावे.