ग्वाटेमालाची सहल कशी आखावी: आधी बाजार, मग तिकाल

ग्वाटेमालाला निघालोय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या काकांनी विचारलं, "ते माया लोक तर कधीच संपले ना? मग बघायला काय जाताय?" काकांचा दोष नाही. २१ डिसेंबर २०१२ ला जग बुडणार म्हणून टीव्हीवर जो धुमाकूळ चालला होता, त्यातून आपल्यापर्यंत एवढंच पोचलं की माया म्हणजे दगडावर कॅलेंडर कोरून गायब झालेली जमात. प्रत्यक्षात आजच्या ग्वाटेमालात लाखो माया माणसं राहतात, २२ माया भाषा बोलल्या जातात, आणि बसमध्ये शेजारी बसलेली बाई मोबाइलवर मुलाला रागावत असते तेही किचे किंवा काकचिकेल भाषेत.

सहल आखताना हेच धरून चाला. पुष्कळ टूरमध्ये दोन दिवसांत तिकाल या जंगलातल्या जुन्या माया नगराचे पिरॅमिड दाखवतात आणि पुढे मेक्सिकोचा समुद्रकिनारा गाठतात. तुम्ही उलट करा. बारा दिवस असतील तर आठ डोंगरातल्या गावांना द्या आणि तिकाल शेवटी ठेवा. तोवर मका, माग आणि दिवस मोजायची पद्धत ओळखीची झालेली असते, म्हणून तिथले दगड नुसते दगड राहत नाहीत.

१. महिना ठरवा

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, मे ते ऑक्टोबर पावसाळा. पावसाळ्यात सकाळ बहुधा उघडी मिळते आणि दुपारनंतर झोडपतो, त्यामुळे तेव्हा जायचंच नाही असं नाही.

दोन मुहूर्त मात्र खास. १ नोव्हेंबरला सुम्पांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांत कागदाचे अवाढव्य पतंग उभे करतात. आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात अँटिग्वा शहरातल्या दगडी रस्त्यांवर रंगवलेल्या लाकडी भुशाचे गालिचे काढतात. माणसं रात्रभर रस्त्यावर वाकून बसतात. साचा ठेवायचा, चाळणीतून रंग भुरभुरवायचा, साचा अलगद उचलायचा आणि भुसा उडू नये म्हणून वर पाणी फवारायचं. रांगोळीच्या स्पर्धेत बसलेल्या बायका आठवल्याशिवाय राहत नाहीत. मग मिरवणूक येते आणि सरळ त्या गालिच्यावरून चालत जाते. मागून झाडूवाले. त्या आठवड्यासाठी खोली काही महिने आधीच धरावी लागते.

२. व्हिसा आणि वाट

तिकीट काढण्याआधी ग्वाटेमालाच्या नवी दिल्लीतल्या वकिलातीला ईमेल करा आणि उत्तर लेखी मिळवा. हातात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा.

भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच, कारण तिथे इमिग्रेशन टाळून पुढच्या विमानात बसण्याची सोयच नाही. माद्रिदहून ग्वाटेमाला सिटीला थेट विमान आहे. युरोपातून जाताना त्या विमानतळाचा ट्रान्झिटचा नियम तेवढा आधी पाहून घ्या.

परतीची एक मेख आहे. पनामा किंवा कोलंबियामार्गे येणारी तिकिटं सोयीची दिसतात, पण हे दोन्ही देश भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे मुक्काम करून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. ते प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. नुसतं विमान बदलायचं असलं तरी मी लस घेऊनच जाईन. मुंबईच्या विमानतळावर पहाटे तीन वाजता नियमावर वाद घालायची हौस मला नाही.

आणखी एक: ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या चार देशांत मिळून नव्वद दिवस धरतात. कोपानचे माया अवशेष बघायला होंडुरासला गेलात तरी दिवस पुन्हा एकपासून मोजले जात नाहीत.

३. पैसे, प्लग, घड्याळ

चलनाचं नाव केत्साल, म्हणजे लांब हिरव्या शेपटीचा पक्षी. त्याची पिसं जुन्या माया राजांच्या मुकुटात असत. डॉलरला साधारण साडेसात-आठ केत्साल मिळतात. रुपये कुणी बदलून देत नाही. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जरा फाटलेली नोट परत करतात. एटीएम बँकेच्या आतलं वापरा आणि बाजाराच्या दिवसासाठी सुटे आदल्या दिवशीच काढा. वीज ११० ते १२० व्होल्टची, प्लग अमेरिकन चपट्या पिनांचा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे घरी फोन करायची वेळ सोपी: इकडची सकाळ, तिकडची संध्याकाळ.

४. गुरुवार किंवा रविवार आधी मांडा

कार्यक्रमाची खुंटी इथे ठोका, कारण चिचिकास्तेनांगो या डोंगरातल्या गावाचा बाजार फक्त गुरुवारी आणि रविवारी भरतो. हा वार कागदावर लिहा आणि बाकीचे दिवस त्याच्याभोवती बसवा.

विमानतळावरून ग्वाटेमाला सिटीत न थांबता अँटिग्वाला जा. अंतर चाळीसेक किलोमीटर, पण वाहतुकीत दीड तास सहज जातो. १७७३ च्या भूकंपापर्यंत राजधानी इथेच होती. पडकी चर्चं अजून तशीच उभी आहेत आणि फुएगो ज्वालामुखी अधूनमधून धूर सोडत असतो. शेजारच्या आकातेनांगोवर रात्र काढून फुएगोचे स्फोट बघणारे पुष्कळ. पण त्याची उंची ३,९७६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. रात्री थंडी गोठणबिंदूच्या आसपास जाते. कळसूबाईच्या हिशेबानं टी-शर्टावर निघू नका. जाकीट भाड्यानं मिळतं.

अँटिग्वात चार दिवस जास्त असतील तर स्पॅनिशची शिकवणी लावा. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, राहायला घरगुती खोली. इंग्रजीवर हॉटेलात भागतं, बाजारात भागत नाही.

तिथून आतित्लान तळं. तीन ज्वालामुखी काठावर आणि भोवती गावं. काठावरच्या गावागावात भाषा आणि ब्लाउजवरचं विणकाम बदलतं. गावांत जायला लांचा, म्हणजे मोटरबोट. सकाळीच निघा. दुपारनंतर 'शोकोमिल' नावाचा वारा सुटतो आणि पाणी उसळतं. मी पहिल्या दिवशी फोटोच्या मोहानं बोटीच्या नाकाशी बसलो आणि पाऊण तास मणके मोजत आलो. जाणते लोक मागे बसतात.

सान हुआन ला लागुना गावात बायकांच्या विणकाम सहकारी संस्था आहेत. इथे निदान अर्धा दिवस काढा. मागाचं एक टोक खांबाला बांधतात आणि दुसरं टोक पट्ट्यानं विणणारणीच्या कमरेला. ती गुडघ्यांवर बसते. मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल. म्हणजे तिची कंबर हाच मागाचा अर्धा भाग. अंगात घालायचा विपील विणायला महिनेच्या महिने जातात. म्हणून बाजारात शंभर-दीडशे केत्सालला नवाकोरा विपील मिळाला तर तो यंत्रावरचा, हे ओळखा. बाजारात घासाघीस चालते, संस्थेत करू नका.

तळ्याकाठच्याच सांतियागो आतित्लान गावात माशिमोन नावाचा लोकदेव भेटतो. लाकडी मूर्ती, गळ्यात रुमालांचे थर, डोक्यावर हॅट, तोंडात सिगार. दरवर्षी तो गावातल्या वेगळ्या मानकऱ्याच्या घरी मुक्कामाला असतो. धक्क्यावर विचारलं की कुणीही घर दाखवतं. आत जायचे थोडे पैसे पडतात, फोटोचे वेगळे.

५. वागणूक

चिचिकास्तेनांगोला सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर कोपालचा धूर दाटलेला असतो. धुपाचाच भाऊ. माणूस मक्याच्या पिठातून घडला ही कथा सांगणारा किचे ग्रंथ 'पोपोल वूह' अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याच गावात एका पाद्र्यानं उतरवून घेतला. मधल्या पायऱ्या पूजा करणाऱ्यांच्या, तुम्ही बाजूच्या दारानं जा. आत फोटो काढू नका.

लहान मुलांचे फोटो आईला विचारल्याशिवाय कुठेच काढू नका. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांवरून २००० साली तोदोस सांतोस गावात जमावानं एका जपानी पर्यटकाचा जीव घेतला होता. अविश्वासाला मागचा इतिहासही आहे. १९६० ते १९९६ पर्यंत यादवी चालली, दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि त्यांत बहुसंख्य माया होती. पन्नाशीपुढच्या माणसाशी गप्पा मारताना तो विषय आपण होऊन उकरू नये. त्यानं काढला तर ऐकावं.

आभार मानायला 'माल्तियोश' म्हणा. उच्चार चुकला तरी समोरची बाई हसते आणि भावही थोडा उतरतो. रात्रीचा रस्त्यानं प्रवास टाळा. जुन्या अमेरिकन स्कूल बस रंगवून केलेल्या गाड्या एकदा जवळच्या अंतराला अनुभवा. सामान घेऊन जायचं असेल तर शटल व्हॅनच बरी.

६. शाकाहाऱ्यांनो

'सिन कार्ने' म्हटलं की काम झालं असं समजू नका. कार्ने म्हणजे बहुधा गोमांस, त्यामुळे तुमच्या ताटात निरागसपणे चिकन येतं. 'सिन कार्ने, सिन पोयो' म्हणा आणि काळ्या घेवड्याच्या उसळीबद्दल 'सिन मान्तेका' जोडा, म्हणजे डुकराची चरबी नको. घेवडा, तळलेली केळी, अव्होकाडो आणि टॉर्टिया यांवर मी अकरा दिवस मजेत काढले.

टॉर्टिया करणारी बाई दिसली की थांबा. मका चुन्याच्या पाण्यात उकडून रात्रभर भिजवतात, मग दळतात. चुन्यामुळे साल सुटतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. पीठाचा गोळा दोन्ही तळव्यांत थापत फिरवतात. आवाज हुबेहूब भाकरीचा, आकार मात्र तळहाताएवढा.

७. शेवटी तिकाल

ग्वाटेमाला सिटीहून फ्लोरेसला तासाभराचं विमान घ्या, बसनं अख्खी रात्र जाते. फ्लोरेस हे तळ्यातलं बेट. माया लोकांचं शेवटचं स्वतंत्र राज्य १६९७ ला इथेच पडलं. तिकाल तिथून तास-दीड तासावर. जमलं तर एक रात्र उद्यानातच राहा, म्हणजे सकाळी सहाला गर्दीआधी आत शिरता येतं. डासांचं मलम आणि दोन लिटर पाणी बरोबर घ्या.

पहिल्या मंदिरावर चढू देत नाहीत. चौथ्याला मागून लाकडी जिना आहे. उंची सुमारे ६५ मीटर. वरून जंगलाच्या हिरव्या लाटेतून बाकीच्या मंदिरांचे माथे तेवढे दिसतात, आणि वाघाची डरकाळी वाटावी असा आवाज येतो, तो हाउलर माकडांचा. शिलालेख बघताना ठिपका म्हणजे एक आणि आडवी रेघ म्हणजे पाच एवढं लक्षात ठेवा. मोजणी विसाची, आपल्या कोडीसारखी. इथला तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ ८६९ सालचा. नगर ओस पडलं, माणसं नाही.

मंदिरांच्या दारांवरच्या कोरीव तुळया लाकडाच्या आहेत आणि बाराशे वर्षांनंतरही काही टिकून आहेत. ते लाकूड चिकूचं. झाड मूळचं याच भागातलं. आमच्या गाईडनं वाटेवरच्या एका खोडावरचे तिरपे जुने घाव दाखवले. च्युइंगमसाठी चीक काढायचे, त्याच्या खुणा. मी मोबाइलवर घोलवडच्या वाडीतला चिकूंनी भरलेल्या पाट्यांचा फोटो त्याला दाखवला. त्यानं तो मोठा करून बघितला. "एवढी फळं कशाला? विकता?" म्हटलं, "हो, खातो आम्ही." तो हसला. "आमच्याकडे बरीचशी माकडंच संपवतात."