कोकणात अनंत लावताय? मग चुलीतली राख लांब ठेवा

अनंताला आपली हवा छान मानवते, दमटपणा आहे, जांभ्याची लाल माती मुळातच आम्लधर्मी आहे, अजून काय पाहिजे त्याला. तरी कितीतरी परसात पिवळी पडलेली झाडं दिसतात, आणि बऱ्याचदा कारण असतं राख. माडाला, केळीला चालते म्हणून सगळ्यांच्याच बुंध्यात टाकली जाते, पण राखेने माती अल्कधर्मी होते आणि अनंताच्या मुळांना लोह घेता येत नाही. नवीन पान नीट बघा, पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर हेच झालंय. राख बंद करा, शेणखत घाला, आणि लिटरभर पाण्यात अर्धा चमचा हिराकस (म्हणजे फेरस सल्फेट, त्यातून लोह मिळतं) विरघळवून ओल्या मातीत ओता. नवीन प्लास्टर केलेल्या भिंतीलगत लावू नका, तिथे सिमेंटचा चुना मातीत उतरतो. पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तोही चुनाच, म्हणून समुद्राजवळ घर असेल तर लाल माती आणून मोठ्या कुंडीत लावलेलं बरं.

जागा सकाळच्या उन्हाची आणि दुपारी सावलीची बघा. जूनमध्ये माती भिजली की दीड फुटाचा खड्डा काढायचा, माती आणि कुजलेलं शेणखत भरायचं, वर थोडी निंबोळी पेंड. खाली कातळ असेल तर खड्ड्यात पाणी तुंबतं नि मुळं कुजतात, तिथे चिरे रचून उंच वाफा करा. पावसाळ्यात आळं अजिबात नको, उलट बुंध्याशी माती चढवा.

रोप विकत आणायलाच पाहिजे असंही नाही, शेजाऱ्यांकडून पाच-सहा इंचाची फांदी आणा, फार कोवळी नको नि जूनही नको, खालची पानं काढून पावसाळ्यात सावलीत खोचली की महिना-दीड महिन्यात मुळं धरते.

आता कळ्या गळतात त्याचं. हिरवी, पीळ घातलेली टोकदार कळी, उद्या-परवा उमलेल असं वाटतं आणि सकाळी खाली पडलेली, खूप जीव तुटतो हो! एप्रिल-मे मध्ये दोन दिवस माती सुकली आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं की असं होतं, त्यामुळे थोडं पण रोज पाणी द्या आणि बुंध्यात आंब्या-काजूचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, जाड पसरा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी तेव्हा मचूळ होतं, पानांची टोकं करपायला लागली तर ते पाणी थांबवून गोडं द्या. कळ्या धरल्यावर कुंडीही हलवू नका.

पानांवर काळी बुरशी आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर पान उलटं करून बघा, मागे पिठ्या ढेकूण ही पांढरी, कापसासारखी कीड सापडेल. लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण, संध्याकाळी फवारा आणि आठवड्याने परत.

छाटणी बहर ओसरला की लगेच, गणपतीच्या आसपास. उशीर केलात तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. फूल तोडताना पाकळीला हात लावू नका, तपकिरी डाग पडतो, देठाला धरून तोडा.