थीमफॉरेस्टवर एचटीएमएल टेम्पलेट मंजूर करून घेताना

थीमफॉरेस्ट ही वेबसाइटचे तयार साचे, म्हणजे टेम्पलेट्स, विकण्याची ऑनलाइन बाजारपेठ. तिथे टेम्पलेट तपासणीला पाठवलं की तीनपैकी एक उत्तर येतं. मंजूर झालं तर प्रश्नच मिटला. 'सॉफ्ट रिजेक्ट' आलं तर दुरुस्त्या कळवल्या जातात आणि त्या करून तेच टेम्पलेट पुन्हा पाठवता येतं. 'हार्ड रिजेक्ट' आलं की ते काम त्या रूपात पुन्हा पाठवायची सोय नाही. वर कारण म्हणून येतात त्या ठरावीक ओळी, की दर्जा अपेक्षेइतका नाही. नवखे लोक इथेच गोंधळतात. व्हॅलिडेटरमध्ये (एचटीएमएलच्या चुका शोधणाऱ्या साधनात) तर एकही चूक निघाली नव्हती, मग अडलं कुठे?

अडतं ते बहुतेक वेळा डिझाइनमध्ये. कोडच्या चुका दुरुस्त होण्यासारख्या असतात, म्हणून त्यांच्यासाठी सॉफ्ट रिजेक्टवर भागतं. डिझाइनच कच्चं असेल तर कोडपर्यंत जायची वेळच येत नाही. कामाचा क्रमही तोच ठेवा: आधी डिझाइन, मग कोड, मग लायसन्स आणि पॅकिंग. या सगळ्याच्याही आधी एक काम उरकून घ्या. नियम आणि कोणत्या विभागात नवं काम घेतलं जातंय हे बदलत असतं, म्हणून सुरुवात करण्याच्या दिवशी थीमफॉरेस्टची लेखकांसाठीची (म्हणजे विक्रेत्यांसाठीची) मदतपानं उघडून वाचा. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंवर विसंबून महिनाभर काम करू नका.

अंतरं आणि अक्षरं

कच्चं डिझाइन अंतरांवरून ओळखू येतं, रंगांचा नंबर नंतर लागतो. एका सेक्शनला वर ९० पिक्सेल, पुढच्याला ११०, तिसऱ्याला ७५, असं सेक्शन वेगवेगळ्या दिवशी बनवले की हमखास होतं. सुटा पाहिला तर प्रत्येक सेक्शन ठीक वाटतो. पान वरून खाली सरकवलं की ठेका चुकलेला जाणवतो. अंतरांचे आकडे आधीच ठरवा: ८, १६, २४, ३२, ४८, ६४, ९६. यांच्याबाहेरचा आकडा सीएसएसमध्ये दिसला की तो काढा. सेक्शनच्या वर-खाली डेस्कटॉपला ९६ आणि मोबाइलला ६४ बहुतेक विषयांना चालतं. शीर्षकाखाली १६ जागा सोडली असेल तर त्याच्या वर ४८ तरी हवी, नाहीतर ते शीर्षक वरच्या मजकुराचं की खालच्या, हेच कळत नाही.

फॉन्ट दोनच, त्यांची वजनं (अक्षरांची जाडी) मिळून तीन. मूळ मजकूर १६ पिक्सेल धरला आणि १.२५ नं गुणत गेलं की २०, २५, ३१, ३९, ४९ असे आकार मिळतात. तेवढ्यात अख्खं टेम्पलेट बसतं. मजकुराची लाइन-हाइट (ओळीची उंची) १.५ ते १.७, मोठ्या शीर्षकांची १.१ ते १.२५. एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं. १४४० पिक्सेलच्या पडद्यावर परिच्छेद या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला असेल, तर बाकी काहीही केलं तरी ते टेम्पलेट घाईत उरकल्यासारखंच दिसतं.

फिकट राखाडी मजकुराचा मोह फार जणांना होतो. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांनुसार साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. पांढऱ्यावरचा 'नऊ-नऊ-नऊ' (रंगाचा कोड #999) हा सगळ्यांचा लाडका राखाडी २.८५ ला अडकतो. सात-सहा, सात-सहा, सात-सहा (#767676) हा राखाडी ४.५४ ला जेमतेम पास होतो. त्याहून फिकट जाऊच नका. फोटोवर पांढरी अक्षरं टाकली असतील तर फोटोवर गडद थर हवाच, कारण तुमचा निवडक फोटो खरेदीदाराकडे नसतो. तो स्वतःच्या दुकानाचा, भर उन्हात काढलेला फोटो टाकणार.

आता एकच जागा जवळून पाहू: 'आमच्या सेवा' म्हणून तीन कार्डं असलेला, प्रत्येक टेम्पलेटमध्ये असतोच तो सेक्शन. डेमोत तिन्ही शीर्षकं दोन-दोन शब्दांची, तिन्ही परिच्छेद बरोब्बर तीन ओळींचे, म्हणून सगळं एका रेषेत. मधल्या कार्डाचं शीर्षक सहा शब्दांचं करा. कार्डांची उंची सारखी राहते का? तिन्ही बटणं तळाशी एका ओळीत राहतात, की मधलं खाली घसरतं? कार्डाला उभा फ्लेक्स देऊन बटणाला वरचं मार्जिन ऑटो दिलं की हे सुटतं. मग चौथं कार्ड टाकून बघा, एक काढून बघा, एकातलं चित्र गाळून बघा. तपासणारा हे सगळं करेलच असं नाही, पण खरेदीदार पहिल्याच दिवशी करतो, आणि त्याच्या तक्रारी तुमच्याच सपोर्टमध्ये येतात.

भाषेचंही तसंच. शीर्षकांत लांबलचक जर्मन शब्द टाकून बघा, आणि देवनागरी तर टाकाच. इंग्रजी कॅपिटलमधल्या छोट्या शीर्षकांना २ पिक्सेल लेटर-स्पेसिंग द्यायची फॅशन आहे. तिथे मराठी मजकूर आला की शिरोरेषा तुटते आणि शब्द मण्यांसारखा सुटा दिसतो. शीर्षक खालून वर सरकत येणाऱ्या ॲनिमेशनमध्ये ओव्हरफ्लो हिडन आणि लाइन-हाइट १.१ अशी जोडी असली की 'मूर्ती'चा रफार वरून आणि ऊकार खालून कापला जातो. लेटर-स्पेसिंग आणि शीर्षकाची लाइन-हाइट सीएसएस व्हेरिएबलमध्ये ठेवली तर भाषेनुसार ती दोन ओळींत बदलता येतात.

विषय निवडतानाही डोकं चालवा. 'क्रिएटिव्ह एजन्सी' किंवा 'कॉर्पोरेट बिझनेस' या नावाखाली ढीगभर टेम्पलेट्स आधीच विकायला आहेत आणि त्यांच्यासारखंच अजून एक घ्यायला कुणाला कारण नसतं. दंतवैद्याचा दवाखाना, वास्तुरचनाकाराचं कार्यालय, नृत्यवर्ग असा नेमका विषय धरा आणि आतली पानं त्या विषयाची करा. दवाखान्याच्या टेम्पलेटला वेळापत्रक, डॉक्टरांची पानं, उपचारांचे दर आणि अपॉइंटमेंटचा फॉर्म लागतो. तिथे 'पोर्टफोलिओ' आणि 'टीम' ठेवून फक्त फोटो दातांचे लावले की चलाखी लगेच उघडी पडते. डेमोतलं इंग्रजी कुणाकडून तरी तपासून घ्या. बटणावरची स्पेलिंगची एक चूक सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते.

कोड

व्हॅलिडेटर ही किमान अट समजा. प्रत्येक पान त्यातून काढा, फक्त होमपेज नको; चुका सहसा ब्लॉगच्या आतल्या पानावर सापडतात. दोनदा आलेली आयडी, लेबल नसलेले इनपुट, ऑल्ट नसलेली चित्रं, एच-२ गाळून थेट एच-४, नुसती अक्षरं मोठी दिसावीत म्हणून वापरलेले हेडिंग टॅग, हे नेहमीचे गुन्हेगार. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नको.

मग रुंदी. ३२०, ३७५, ७६८, १०२४, १४४० आणि १९२० या सहा ठिकाणी प्रत्येक पान बघा, आणि मधल्या रुंदीवर खिडकी हळूहळू ओढतही बघा. सगळ्यात जास्त छळतो तो आडवा स्क्रोल. त्याची कारणं साधारण तीनच असतात: बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचाची रो (आडवी ओळ) कंटेनरबाहेर ठेवलेली (पाचव्या आवृत्तीत तिला दोन्ही बाजूंनी उणे १२ पिक्सेल मार्जिन असतं), रुंदी म्हणून १०० व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) दिलेली (यात विंडोजचा स्क्रोलबारही धरला जातो, म्हणून मॅकवर काम करणाऱ्याला हा दोष सहसा दिसत नाही), किंवा उजवीकडून सरकत येणारं ॲनिमेशन. यावर बॉडीला ओव्हरफ्लो हिडन लावणं म्हणजे दुखणं झाकणं. शिवाय त्यानं स्टिकी (वर चिकटून राहणारा) हेडर बिघडू शकतो. मूळ घटक शोधून तिथेच दुरुस्त करा. मोबाइलवर १०० व्हीएच (पडद्याच्या पूर्ण) उंचीचा हीरो, म्हणजे पानाचा सगळ्यात वरचा मोठा भाग, ॲड्रेसबारमुळे खाली कापला जातो. तिथे एसव्हीएच (ॲड्रेसबार दिसत असतानाची उंची) वापरा.

कीबोर्डवरून पान चालवून बघा, नुसत्या टॅबनं. फोकसची कड सीएसएसमध्ये काढून टाकली असेल तर परत आणा. हॅम्बर्गर मेनू बटणाच्याच टॅगमध्ये हवा, एंटरनं उघडायला आणि एस्केपनं मिटायला हवा.

खरेदीदार झिप उघडतो आणि इंडेक्स फाइलवर डबल-क्लिक करतो. सर्व्हर नसतो. अशा वेळी मॉड्यूल म्हणून जोडलेलं जावास्क्रिप्ट ब्राउझर अडवतो, फेच करून आणलेला हेडर-फूटर येत नाही, आणि दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारे सीडीएनचे (दुसऱ्या सर्व्हरवरून फाइली पुरवणाऱ्या सेवेचे) पत्ते फाइल म्हणून शोधले जातात. तुमच्या लोकल सर्व्हरवर हे सगळं झकास चालत असतं. म्हणून अंतिम झिप वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्यतो वेगळ्या संगणकावर उघडून बघा. उलट बाजूनंही एक सापळा आहे: विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच, पण लिनक्स सर्व्हरला नाही. कोडमध्ये 'हीरो डॉट जेपीजी' लहान लिपीत आणि फाइलचं एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये असलं की डेमोवर चित्रं गायब. फाइलनावं सरसकट लहान लिपीत ठेवा.

संपर्काचा पीएचपी फॉर्म देत असाल तर भरलेल्या माहितीची तपासणी सर्व्हरवरही हवी, नुसती जावास्क्रिप्टमध्ये नको. नाव आणि ईमेलच्या रकान्यांतून नव्या ओळीची चिन्हं गाळा, नाहीतर हेडरमध्ये भलतेच पत्ते घुसवून त्या फॉर्मवरून स्पॅम पाठवता येतो. आणि गूगल मॅप्सची स्वतःची एपीआय की (वापराची खासगी किल्ली) झिपमध्ये राहिली नाही ना, तेही बघा.

दुसऱ्यांच्या वस्तू

लायसन्सची यादी काम करतानाच लिहीत चला. शेवटी आठवून लिहायला बसलं की काहीतरी सुटतंच. स्वायपर हा स्लायडर एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे, काही अडचण नाही. गॅलरीतली चित्रं प्रकारानुसार गाळून दाखवण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं आयसोटोप मात्र जीपीएल तीन (तुमचा कोडही त्याच अटींवर खुला करायला लावणारं लायसन्स) किंवा पैसे भरून घेतलेलं व्यावसायिक लायसन्स अशा दुहेरी अटीवर मिळतं, पानभर स्क्रोलसाठीच्या फुलपेजचंही तसंच. विकाऊ टेम्पलेटमध्ये ती घालायची तर योग्य लायसन्स घ्या, नाहीतर सीएसएस ग्रिड आणि तीसेक ओळींच्या जावास्क्रिप्टवर भागवा. फॉन्ट ऑसमच्या मोफत संचातली चिन्हं सीसी-बाय ४.० खाली येतात, म्हणजे श्रेय देणं आलंच.

अनस्प्लॅश किंवा पेक्सेल्सचे फोटो डेमोत वापरायला मिळतात म्हणून झिपमध्ये घालू नका. झिपमध्ये त्याच आकाराच्या राखाडी चौकटी, आत रुंदी-उंचीचे आकडे लिहिलेल्या, आणि हे वर्णनात स्पष्ट नोंदवा. क्लायंटचे म्हणून खऱ्या कंपन्यांचे लोगो लावायचे नाहीत. इंटरनेटवरून उचललेले चेहरे 'टीम'च्या पानावर तर अजिबात नकोत.

पॅकिंग आणि अपलोड

मुख्य झिपमध्ये दोनच फोल्डर पुरेत: टेम्पलेटचा आणि माहितीपुस्तिकेचा. नोड मॉड्यूल्स, गिटचा फोल्डर, मॅकनं आपोआप टाकलेल्या लपलेल्या फाइली काढून टाका. मिनिफाय केलेल्या सीएसएसबरोबर वाचता येईल अशी मूळ प्रतही द्या. एससीएसएस वापरलं असेल तर त्या फाइलीसुद्धा. माहितीपुस्तिका इंग्रजीत, आणि तिच्यात फोल्डरांची रचना, रंग व फॉन्ट कुठे बदलायचे, फॉर्मला ईमेल पत्ता कुठे द्यायचा, श्रेयांची यादी आणि बदलांची नोंद एवढं असावं. प्रोग्रामिंग न येणारा माणूस ती वाचून मुख्य रंग पाच मिनिटांत बदलू शकला पाहिजे.

अपलोडच्या वेळी ८० × ८० पिक्सेलचं थंबनेल आणि ५९० × ३०० चं प्रिव्ह्यू चित्र लागतं. या प्रिव्ह्यूत अख्खं होमपेज दाटीवाटीनं बसवून अठरा वैशिष्ट्यांचे बिल्ले चिकटवायची रीत आहे. त्या आकारात त्यातलं काहीच वाचता येत नाही. नाव, विषय आणि पडद्याचं एक नीट कापलेलं चित्र, इतकंच ठेवा. डेमो वेगवान होस्टिंगवर हवा. होमपेजवर चार-चार एमबीचे फोटो असतील तर तपासणाऱ्यासमोर आधी पांढरा पडदाच येणार. हीरोचा फोटो वेबपीमध्ये २०० केबीच्या आत आणा आणि प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा, म्हणजे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही. शीर्षकात 'सर्वोत्तम', 'नंबर वन' असले शब्द नकोत, आणि टॅगमध्ये दुसऱ्याच्या टेम्पलेटचं नाव तर नकोच.

भारतातून विकणाऱ्यांनी अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्मही (आपण अमेरिकी करदाते नाही असं सांगणारा) याच वेळी भरून टाकावा, विक्रीची वाट बघू नये. तो नसेल तर अमेरिकेतल्या खरेदीदारांना केलेल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो; पॅन नंबर देऊन भारत-अमेरिका कर-कराराचा दावा केला की रॉयल्टीवरचा दर १५ टक्क्यांवर येतो. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळतं ना, तेही बघा.

उत्तर आल्यावर

सॉफ्ट रिजेक्टमधला प्रत्येक मुद्दा नमुना म्हणून वाचा. 'संपर्क पानावर लेबल नाही' असं लिहिलं असेल तर न्यूजलेटर, शोध आणि कमेंटचे फॉर्मही तपासा. तेवढं एकच पान दुरुस्त करून परत पाठवलं की पुढच्या फेरीत तोच मुद्दा दुसऱ्या पानाच्या नावानं येतो आणि रांगेतले दिवस वाया जातात. दुरुस्तीच्या फेरीत नवं पान किंवा नवा स्लायडर घालायचा नाही. त्यातून नव्या चुका निघतात. पुन्हा पाठवताना तपासणाऱ्यासाठी लिहायच्या जागी मुद्द्यांचा क्रम तोच ठेवून, प्रत्येकापुढे कोणत्या फाइलीत काय बदललं हे एका ओळीत लिहा. एखादा मुद्दा पटला नाही तर कारण थोडक्यात आणि नीट शब्दांत मांडा, हुज्जत नको.

हार्ड रिजेक्टनंतर रंग बदलून, नाव बदलून तेच पाठवणं फुकट जातं. कोड मात्र फेकू नका. तपासून झालेला मेनू, फॉर्म, ग्रिड आणि पीएचपी तसंच्या तसं उचला. नवा विषय, नवी अक्षरं आणि नवी मांडणी घेऊन पहिल्या पडद्यापासून सुरुवात करा. आणि आतली पानं बांधायच्या आधी फक्त होमपेज चार अनुभवी डिझाइनरांना दाखवून घ्या.